पिकअपला जादा दिवे लावताना या चुका टाळा

वाशीच्या मार्केटला पहाटे दोन-तीनला माल उतरवायचा, किंवा पावसाळ्यात ओतूरहून माळशेज उतरून कल्याणमार्गे यायचं, तर कंपनीचे दिवे कमी पडतात हे खरं. म्हणून पुढे दोन फॉग लाइट आणि मागे हौद्यावर दोन वर्क लाइट लावून घेतले जातात. दोन महिन्यांत त्यातला एखादा मिणमिणतो, एखादा बंद पडतो आणि दोष दिव्यावर जातो. अशा वेळी दिवा बहुतेकदा शाबूत असतो. बिघाड असतो वायर, अर्थिंग (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) किंवा जॉइंटमध्ये.

पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक अर्थिंगची. मागच्या दिव्याची काळी वायर हौद्याच्याच एखाद्या नटाखाली दाबली जाते. पिकअपची केबिन आणि हौदा ही चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेली दोन वेगळी अंगं आहेत. मध्ये रबर, पट्ट्या, रंग आणि गंज. हौद्यातून करंटला परतीची खात्रीची वाट मिळेलच असं नाही. काळी वायर थेट चासीवर न्या. त्या जागेचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून लावा, दातेरी वॉशर घाला, नट आवळा आणि वरून ग्रीस फासा. ठाणे-वाशीच्या खाडीच्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं, त्यामुळे ग्रीस विसरू नका.

अर्थिंग तपासायला दोन मिनिटं पुरतात. दिवा चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या काळ्या वायरीला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अर्थिंग कच्चं आहे.

आता वायर आणि फ्यूज. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. याला पाऊण एमएमची (चौरस मिलिमीटर) बारीक वायर लावली आणि जाऊन-येऊन पाच मीटर धरले, तर सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने घटतो, त्यामुळे जवळपास पाव उजेड गेला. अडीच एमएम घातली की हीच घट पाव-अर्ध्या व्होल्टवर येते. घरच्या वायरिंगची उरलेली वायर मात्र बॉनेटखाली नको. तिथल्या उष्णतेत आणि डिझेलच्या थेंबांत तिचं आवरण टिकत नाही. गाड्यांसाठी बनवलेली ऑटोमोटिव्ह वायर घ्या आणि ती फ्लेक्सिबल पाइपमधून न्या.

या लोडला १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो दिव्याजवळ लावला, तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविनाच राहिली. आणि उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा घालणं म्हणजे उद्या फ्यूजऐवजी वायर जळू देणं. उडण्याचं कारण आधी शोधा. कामाला हात घालण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचाच.

हेडलाइटच्या वायरीला टॅप मारून दिवे जोडू नका. मूळ वायर आणि स्विच तेवढ्या लोडसाठी नसतात. नव्या गाड्यांत तर हेडलाइटवर कंट्रोल युनिटचं लक्ष असतं. ते एरर दाखवतं किंवा एलईडी फडफडतो. चार पिनांचा रिले घ्या, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पिनांवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीचा फ्यूजवाला प्लस, ८७ वरून दिवे, ८५ ला अर्थिंग, ८६ ला स्विचकडून येणारी वायर. पाच पिनांचा रिले मिळाला, तर मधल्या ८७ए ला हात लावू नका. तिथे दिवा जोडला की स्विच बंद असताना तो पेटतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली असते. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेत ८५-८६ उलटे झाले, तर स्विच दाबताच फ्यूज जातो.

फॉग लाइटच्या स्विचला प्लस पार्किंगच्या लाइनवरून द्या, म्हणजे पार्किंग बंद केलं की तेही बंद. मागच्या वर्क लाइटला हे चालत नाही, कारण माल उतरवताना पार्किंग बंदच असतं. म्हणून तो चालू असल्याचं दाखवणारा लाल पायलट दिवा डॅशवर हवाच. २० वॅटचे दोन एलईडी रात्रभर, म्हणजे आठ तास राहिले, तर साधारण २७ अँपिअर-तास खाल्ले. शिवाय पांढरा दिवा मागे पेटलेला ठेवून ठाणे-बेलापूर रोडला धावलात, तर मागच्या गाडीवाल्याचे डोळे दिपतात.

जॉइंट पिळून वर टेप गुंडाळायची सवय सोडा. बॉनेटखाली टेपचा गोंद वितळतो, आत पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. दाबायचे कनेक्टर आणि आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीटश्रिंक नळी वापरा. दिव्याला शिरणारी वायर आधी खाली झोळासारखी सोडून मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरूनच टपकतं.

टपावर लाइटबार (दिव्यांची लांब पट्टी) लावायचा मोह होतो. धुक्यात आणि पावसात त्याचा उजेड थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो, समोर पांढरा पडदा उभा राहतो. फॉग लाइट बंपरच्या उंचीवरच हवा. स्पॉट आणि सर्च लाइट पुढे लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १११ मनाई करतो. अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने.

दिवा रिकाम्या गाडीवर सेट करणं ही पिकअपवाल्यांची खास चूक. माल भरला की मागचे पाटे (स्प्रिंगा) बसतात आणि नाक वर जातं. व्हीलबेस ३ मीटर धरला आणि मागचा भाग ६ सेंमी बसला, तर १० मीटरवर उजेड २० सेंमी वर चढतो. म्हणून नेहमीचा माल भरून, टायरची हवा बरोबर ठेवून, सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. फॉग लाइटच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा २० सेंमी खाली पडली पाहिजे.

बिघाड शोधताना रिलेचा आवाज ऐका. स्विच दाबल्यावर 'टक' आलं आणि दिवा नाही, तर ३० वर करंट येतो का पाहा, मग ८७ वर, मग दिव्याच्या सॉकेटमध्ये. 'टक'च आलं नाही, तर ८५ चं अर्थिंग आणि ८६ चा स्विच. फ्यूज फक्त खड्ड्यात आदळल्यावर जात असेल, तर आधी केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. दोन्ही अंगं वेगवेगळी हलतात आणि तिथे ताणून नेलेली वायर पत्र्यावर घासून तांब्यापर्यंत सोललेली असते. नवी वायर टाकताना तिथे चार बोटं ढील सोडा आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कड झाकणारं रबर) बसवा.