विंडरमिअरच्या जुन्या धाटणीची होडी उन्हाळ्यासाठी पाण्यात कशी उतरवावी

१८४७ मध्ये रेल्वे इंग्लंडमधल्या विंडरमिअर तळ्यापर्यंत पोचली आणि शेजारच्या लँकेशायर परगण्यातल्या कारखानदारांनी या तळ्याकाठी उन्हाळी बंगले बांधायला सुरुवात केली. शतक संपेपर्यंत बऱ्याच बंगल्यांना स्वतःचं बोटहाउस होतं आणि त्यात वल्ह्यांची लाकडी होडी असे. तिच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. हिवाळाभर कोरड्यात राहिली की फळ्या आक्रसतात आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. इथे बहुतेकांचा हात चुकीच्या डब्याकडे जातो.

त्या फटींत लांबी (पुट्टी), डांबर किंवा सिलिकॉन काहीही भरू नका. पाणी प्यायल्यावर फळी फुगते. फुगायला जागाच उरली नाही तर ती शेजारच्या फळीला ढकलते, खिळे सैल होतात आणि खिळ्यांच्या रांगेतच फळी उभी चिरते. मग जी फट चार दिवसांत आपोआप मिटली असती, तिच्यापायी आख्खी फळी बदलावी लागते.

व्हार्निश आधी उरकून घ्या. ओल्या लाकडावर दिलेला हात फोड येऊन सुटतो. तो पक्का वाळला की गोणपाटं भिजवून आत तळाशी अंथरा आणि तीन-चार दिवस ओली ठेवा. टेकूवर असताना होडीत पाणी मात्र भरू नका: २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि दोन टेकूंवर एवढा भार आला तर तळाचा आकार बिघडतो. नंतर होडी उथळ पाण्यात बांधून ठेवा. पहिल्या दिवशी ती भरेल; भरू द्या, उपसा, पुन्हा पाहा. आठवड्यानंतरही एकाच जागी झिरपत असेल तर तिथला खिळा सैल आहे किंवा फळी चिरली आहे. खिळा सैल असेल तर बाहेरून त्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरा आणि आतल्या चकतीवर दुमडलेलं टोक हलक्या हातोडीने ठोका. जोर लावलात तर तांबं वाकतं आणि भोक मोठं होतं.

वल्ह्यांची लांबी अंदाजाने घेऊ नये. वल्ही अडकवायच्या जागी होडीची रुंदी मोजा, तिच्या निम्म्यात ५ सेंटिमीटर मिळवा. वल्ह्याचा तेवढा भाग आत यायला हवा. त्याला २५ ने गुणून ७ ने भागलं की पूर्ण लांबी मिळते. १२० सेंटिमीटर रुंदीला आत ६५ आणि एकूण सुमारे २३२. वल्ह्याला जिथे घर्षण होतं तिथे चामडं गुंडाळतात. त्याला थोडी चरबी चोळा, नाहीतर दर ओढीला करकर होते आणि चामडं लवकर झिजतं.

चढताना पाय नेहमी होडीच्या मधोमध, काठावर कधीच नाही, आणि एका वेळी एकच जण. त्या काळी लांब झगे घालणाऱ्या बायकांना हे विशेष जपावं लागे. मागच्या आसनावर एकजण सुकाणूच्या दोऱ्या धरून बसतो: उजवी ओढली की होडी उजवीकडे वळते. मागे वजन जास्त झालं की नाळ (होडीचं पुढचं टोक) उचलते आणि होडी वाऱ्याला बळी पडते; म्हणून खाण्याची जड टोपली पुढच्या भागात, तळाशी ठेवावी.

विंडरमिअर उत्तर-दक्षिण लांबोडकं आहे, त्यामुळे तळ्याच्या लांबीने वाहणारा वारा आखूड, उंच लाटा उठवतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर तोच वारा घरी आणतो.

उन्हाळाभर होडी पाण्यातच राहू द्या, नाहीतर सगळा खटाटोप पुन्हा. पावसाचं साचलेलं गोडं पाणी फासळ्यांच्या बुडाशी लाकूड कुजवतं; म्हणून वर ताडपत्री ताणा, पण दोन्ही टोकांना हवा खेळायला फट सोडा.