दुबईचा हुकूमनामा वडोदऱ्यात बजावला: माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला दुबई न्यायालयात पैसे वसुलीचा निकाल, म्हणजे हुकूमनामा, मिळाला, पण देणेकरी तोवर वडोदऱ्याला परतला होता. नोटिसांना उत्तर नाही. इथे नवा दावा लावा, असा सल्ला मिळाला. खालच्या दिवाणी न्यायालयातला अर्ज अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत आला. हातात निकाल असून दारोदार फिरणं जिव्हारी लागतं.

मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ मध्ये आहे: केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतात. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीला (दुबई त्यातच येते) या देशांत स्थान मिळालं, त्यामुळे नवा दावा लागत नाही.

आधी दुबईहून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणली. सोबत किती रक्कम वसूल झाली, किती बाकी, याचा त्याच न्यायालयाचा दाखला. हा विसरू नका, त्याशिवाय अर्ज अपुरा. मग अरबीचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि भारतीय वकिलातीचं साक्षांकन. त्यानंतर सिटी सर्व्हे कचेरीतून देणेकऱ्याच्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढून, चतुःसीमेसह जप्तीची मागणी घातली आणि संहितेच्या आदेश २१, नियम ११ नुसार दरखास्त (हुकूमनामा बजावण्याचा अर्ज) थेट जिल्हा न्यायालयात दाखल केली.

देणेकऱ्याची हरकत कलम १३ खाली येतेच; परदेशी निकाल कधी बंधनकारक नसतो, ते हे कलम सांगतं. निकाल एकतर्फी होता, गुणदोषांवर नव्हता, असं तो म्हणाला. समन्स बजावल्याचा पुरावा आणि न्यायालयाने कागद तपासून दिलेली कारणं आम्ही आधीच जोडली होती. हरकत फेटाळली, घर जप्त झालं, आणि लिलावाआधीच त्याने रक्कम न्यायालयात भरली.