फोनचा कॉलम बिगइंटवरून व्हारचारवर नेताना

हाउसिंग सोसायटीच्या डेटाबेसात, मग ती गिरगावातली असो की मुलुंडमधली, सभासदांच्या टेबलातला ‘फोन’ हा कॉलम बऱ्याचदा बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा, असतो. नंबर म्हणजे आकडाच, असं धरून कुणीतरी तो तसा केलेला असतो. मग 022 ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचा पहिला शून्य गळून जातो. फोन नंबरांची बेरीज-वजाबाकी कधीच होत नाही. तो मजकूर आहे, त्याला व्हारचार(15), म्हणजे पंधरा अक्षरांपर्यंतच्या मजकुराचा टाइप, हवा.

टाइप बदलण्याची कमांड एका ओळीची आहे. खरं काम त्याआधीचं, आत काय भरलंय ते पाहण्याचं. नंबरांची लांबी आणि पहिले दोन अंक यांवर ‘ग्रुप बाय’ करून प्रत्येक गटात किती रो (ओळी) आहेत ते मोजा. दहा अंकी आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होणारे मोबाइल. दहा अंकी पण 22 ने सुरू होणारे म्हणजे शून्य हरवलेली मुंबईची लँडलाइन. आठ अंकी म्हणजे बहुधा कोडशिवाय लिहिलेली लँडलाइन. बारा अंकी आणि सुरुवात 91 ने, तर देशाच्या कोडसकट नंबर, बहुधा मोबाइल. यात न बसणारे रो वेगळे काढून सभासदालाच विचारा, अंदाजाने काही भरू नका.

2147483647 हा आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर मात्र तो कुणाचाही फोन नाही. कॉलम कधीकाळी साधा इंट (लहान पूर्णांक) होता, आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारी किंमत नाकारणारी सेटिंग) बंद असलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरने मोठा नंबर कापून इंटची कमाल मर्यादा तिथे लिहिली. ते नंबर गेले. टाइप बदलून ते परत येत नाहीत, सभासदांकडूनच घ्यावे लागतात.

बदलाआधी आयडी आणि फोन या दोन कॉलमांची प्रत ‘क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट’ने वेगळ्या टेबलात ठेवा. पूर्ण बॅकअप घ्याच, पण चूक दुरुस्त करताना ही छोटी प्रत जास्त कामाची.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ‘अल्टर टेबल’खाली ‘अल्टर कॉलम फोन टाइप व्हारचार(15)’ आणि पुढे ‘यूझिंग’ (जुन्या किमतीतून नवी कशी बनवायची ते) लिहा. यूझिंगमध्ये ‘केस’ ही अट टाकून 22 वाल्या दहा अंकींना ‘0’ आणि आठ अंकींना ‘022’ जोडलं की बदल आणि दुरुस्ती एकदमच होते. हे ‘बिगिन’ करून चालवा. निकाल पटला तर ‘कमिट’ करून पक्का करा, नाहीतर ‘रोलबॅक’ करून मागे घ्या. त्या कॉलमवर व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) असेल तर कमांड अडते. व्ह्यूची व्याख्या जपून तो आधी काढा, नंतर पुन्हा बनवा.

मायएसक्यूएलमध्ये रोलबॅकची सोय नाही, ‘अल्टर’ आपोआप कमिट होतो. शिवाय ‘मॉडिफाय कॉलम’मध्ये ‘नॉट नल’, ‘डिफॉल्ट’ आणि कॉमेंट पुन्हा लिहिले नाहीत तर ते गुपचूप निघून जातात. म्हणून आधी ‘शो क्रिएट टेबल’ काढून ती ओळ जशीच्या तशी घ्या, फक्त टाइप बदला. शून्य जोडायला नंतर वेगळा ‘अपडेट’ लागतो.

एका सोसायटीचे दोन-तीनशे रो क्षणात होतात. शेकडो सोसायट्यांचे लाखो रो एकाच टेबलात असतील तर लॉकचा, म्हणजे काम चालू असताना टेबल इतरांना बंद राहण्याचा, विचार करावाच लागतो. या बदलात पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितं आणि तोवर वाचणंही बंद असतं. मायएसक्यूएलमध्ये वाचता येतं, लिहिणं थांबतं. पोस्टग्रेसमध्ये आधीच एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर अल्टर त्याच्यामागे थांबतो आणि बाकीच्या क्वेरी अल्टरमागे, पुढची लोकल सिग्नलला अडकली की मागच्या अडकतात तशा. ‘लॉक टाइमआउट’ (लॉकसाठी किती थांबायचं ती मर्यादा) पाच सेकंद ठेवा आणि काम रात्री एकनंतर करा. तेवढा वेळही बंद ठेवणं शक्य नसेल तर नवा कॉलम जोडून दहा-दहा हजार रो भरत न्या, शेवटी नावं बदला. मधल्या काळातले नवे नंबर दोन्ही कॉलमांत जातील अशी व्यवस्था मात्र हवी.

नंतर ॲप्लिकेशनमधल्या क्वेरी तपासा. नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिला असेल तर पोस्टग्रेस एरर देतो. मायएसक्यूएल उत्तर देतो, पण इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) न वापरता, म्हणून तिथली चूक उशिरा लक्षात येते. पोस्टग्रेसमध्ये ‘ॲनलाइझ’ही चालवा, कारण क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला लागणारी त्या कॉलमची आकडेवारी टाइप बदलताना पुसली जाते.

शेवटी लांबीची तीच क्वेरी पुन्हा लावा. लँडलाइनचे दोन्ही गट आता 022 ने सुरू होणाऱ्या अकरा अंकांत एकत्र दिसले पाहिजेत, आणि त्यांची संख्या आधीच्या बेरजेइतकी भरली पाहिजे. ती जुळेपर्यंत प्रतीचं टेबल काढू नका.