बारगीर व्हावे कसे : सातारा-सांगलीतून इव्हेंटिंगच्या मैदानापर्यंत

मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वारांचे दोन प्रकार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा ज्याला दिला जाई तो बारगीर. सातारा-सांगलीकडच्या ज्या मुलामुलींना घोडेस्वारीत, त्यातही इव्हेंटिंगमध्ये, कारकीर्द करायची आहे, त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘घोडा कुठून आणि केवढ्याला घ्यावा’ हाच असतो. माझे उत्तर ठरलेले आहे : इतक्यात घेऊच नये. या खेळातले आघाडीचे बहुतेक स्वार आजच्या अर्थाने बारगीरच आहेत. घोडा मालकाचा, मांड स्वाराची. दुसऱ्याने विश्वासाने आपला घोडा हाती द्यावा ही पात्रता कशी मिळवायची, तेवढेच येथे सांगायचे आहे.

आधी खेळ नीट समजून घ्यावा. इव्हेंटिंगमध्ये एकाच स्वाराला एकाच घोड्यावर तीन कसोट्या द्याव्या लागतात. पहिली ड्रेसाज : सामान्यतः ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आखीव मैदानात ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या, मिळालेली टक्केवारी शंभरातून वजा केली की उरतात ते दंडगुण. दुसरी क्रॉस कंट्री : मोकळ्या रानातून ओंडके, चर, पाणी, चढ-उतार असे पक्के अडथळे ठरलेल्या वेळेत पार करायचे. येथे घोडा पहिल्यांदा अडला तर २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी ४०, वेळ उलटल्यावर प्रत्येक सेकंदाला ०.४, आणि स्वार खाली पडला तर स्पर्धा तेथेच संपली. तिसरी शो जंपिंग : पाडता येणाऱ्या दांड्या, पडलेल्या प्रत्येक दांडीला ४ दंडगुण. तिन्हींची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजेता. शर्यतींच्या मुलखात वाढलेल्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी की क्रॉस कंट्रीत वेळेच्या आधी पोचणाऱ्याला काहीही जास्त मिळत नाही. उलट अवाजवी वेगाने घोडा दमतो आणि पुढचा अडथळा चुकतो. १९१२ मध्ये हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा तो लष्करी अधिकाऱ्यांपुरताच होता, कारण मुळात ती घोडदळाच्या घोड्याची परीक्षा होती : कवायतीत आज्ञाधारक, मोहिमेत दमदार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला तयार.

सुरुवात घराजवळ होऊ शकते, पण पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी मारलेल्या फेऱ्यांना सुरुवात म्हणू नये. तेथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि आपण सामानासारखे वर बसलेले असतो. शिवाय टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचे पठार; तसल्या कठीण भूमीवर घोडा रोज पळवला तर खुरांना आणि सांध्यांना मार बसतो. त्याच घोडेवाल्याकडे सुट्टीत पहाटे जाऊन लीद काढणे, पाणी देणे आणि खरारा करणे हे काम मागून घ्यावे. माझ्या मते पहिल्या वर्षी वर बसण्यापेक्षा खाली उभे राहण्याचे तास अधिक असावेत. चारही पाय रोज उचलून खुरांतला खडा-माती काढावी, तळाचा मऊ त्रिकोणी भाग दाबून पाहावा, त्याला कुजका वास येतो का हे नाकाने तपासावे. पायाच्या नळीवरून हात फिरवून कालच्यापेक्षा आज कोठे ऊब किंवा सूज वाढली आहे का हे डोळे मिटूनही सांगता आले पाहिजे. जीन चढवल्यावर तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा जिनाचा पट्टा, एकदम आवळू नये. आधी सैल बांधावा, घोड्याला दहा पावले चालवावे, मग आवळावा, आणि दोन बोटे जेमतेम आत जातील इतपत ठेवावा. घोडे पोट फुगवून उभे राहतात; पहिल्याच वेळी घट्ट वाटलेला तंग रिकिबीत पाय ठेवताक्षणी जिनासकट फिरतो. हा धडा मी स्वतः जमिनीवर पडून शिकलो.

वैरणीबाबत आपल्या भागात एक खोड आहे. साधारण ५०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे १० किलो कोरडा आहार लागतो आणि त्यातला मोठा भाग गवताचा असावा लागतो. चंदी, म्हणजे दाणा, वाढवली की घोडा तयार होतो हा समज पोटशूळाला आमंत्रण देतो. कारखान्यांच्या हंगामात गुरांपुढे पडणारे उसाचे वाढे घोड्याची मुख्य वैरण होऊ शकत नाही, कारण त्यातल्या ऑक्झलेटमुळे अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही. शंका आल्यास शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सातारा जिल्ह्यातल्या स्वाराने तेथे जाऊन विचारण्याचा संकोच करू नये.

घोडा हाताशी नसतानाही जे शिकता येते आणि ज्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, ते म्हणजे पावले मोजणे. स्पर्धेआधी स्वार क्रॉस कंट्रीचा सगळा मार्ग पायी फिरतो, तोही एकदा नव्हे तर तीन-चार वेळा. चौखूर धावणाऱ्या घोड्याची एक झेप साधारण साडेतीन ते पावणेचार मीटरची असते, म्हणून सुमारे ९० सेंटीमीटरचे आपले पाऊल पक्के बसवले की चार पावलांची एक झेप होते. दोन अडथळ्यांमध्ये आठ पावले भरली, तर दोन पावले घोडा उतरण्याची, दोन पुढची उडी घेण्याची आणि मधल्या चार पावलांत एक झेप, असा हिशेब बसतो. शाळेच्या मैदानावर टेपने ९० सेंटीमीटरच्या खुणा करून महिनाभर चालावे. नंतर टेप नसताना मोजावे आणि मग टेपने चूक पाहावी. दुसरा सराव वेळेचा. ५२० मीटर अंतर मोजून घ्यावे आणि पुढे कधी घोडा मिळाला की ते बरोबर एका मिनिटात, ना ५० सेकंदांत ना ७० सेकंदांत, कापता येते का ते पाहावे. वेगाचा हा अंदाज एकदा अंगात भिनला की मनगटावरचे घड्याळ केवळ खात्रीसाठी उरते. हा सराव कोठे करायचा याचेही भान ठेवावे : माण-खटावकडचा मुरमाड माळ उन्हाळ्यात लोखंडासारखा होतो आणि मिरजेकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात घोड्याचा पाय रुतून स्नायू दुखावतो. पावसाळा ओसरल्यावरचे काही आठवडे दोन्हीकडे सर्वांत सोयीचे.

बारा-तेरा वर्षांच्या पुढे मात्र जिल्हा सोडावा लागतो, याची तयारी घरच्यांनी आधीच ठेवावी. सातारकराला खंबाटकी घाट उतरून पुणे जवळ आहे; सांगलीकराला दर शनिवार-रविवारी ये-जा झेपत नाही, तेव्हा वसतिगृहाचाच विचार करावा. पुण्या-मुंबईकडे शिकवणाऱ्या संस्था आहेत, मुंबईत महालक्ष्मीचा अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब जुना आहे. संस्था निवडताना अडथळ्यांची उंची किंवा भिंतीवरची पदके पाहू नयेत. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, किती वर्षे टिकून आहेत, हेल्मेट आणि छातीचे संरक्षक जाकीट सक्तीचे आहे का, आणि पडलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा घोड्यावर बसवतात की आधी डॉक्टरकडे नेतात, हे विचारावे. पडल्यावर लगेच चढवले की भीती जाते असे सांगणाऱ्या एका प्रशिक्षकाने माझ्या ओळखीतल्या मुलीला मेंदूला हादरा बसलेल्या अवस्थेत पुन्हा जिनावर बसवले होते. असा माणूस दिसला की भरलेली फी सोडावी आणि परत यावे. शिकायला मिळणारे घोडे बऱ्याचदा शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात. ते संवेदनशील आणि चटकन बुजणारे असतात आणि हात जड असलेल्या स्वाराला दिवसभरात उघडा पाडतात, म्हणूनच ते उत्तम गुरू होत.

येथून भारतात दोन रस्ते फुटतात. पहिला लष्कराचा. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातली पहिली सैनिक शाळा, १९६१ साली सुरू झालेली. तेथून किंवा अन्य शाळेतून खडकवासल्याच्या एनडीएत गेलेल्या छात्राला घोडेस्वारी शिकायला मिळते, आणि पुढे जयपूरचे ६१ कॅव्हलरी हे घोडदळ, बेंगळुरूचे आर्मी सर्व्हिस कोरचे केंद्र किंवा मेरठचे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोर येथे घोडे, मैदान आणि पगार तिन्ही सरकारी असतात. जुन्या अर्थाने अस्सल बारगिरी. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ‘शाहजादा’ या घोड्यावर इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग लष्कराचेच होते. एनडीएचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावांच्या जिल्ह्यात हा रस्ता नवा नाही, फक्त त्याच्या शेवटी घोडाही असू शकतो हे फारसे कोणी सांगत नाही.

दुसरा रस्ता आश्रयदात्याचा. बेंगळुरूचा फवाद मिर्झा हा त्याचा स्वच्छ नमुना. वडील घोड्यांचे डॉक्टर, म्हणून लहानपण घोड्यांत गेले. पुढे एका उद्योगसमूहाने घोडे घेऊन दिले आणि तो जर्मनीत राहून शिकला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘सिन्यॉर मेडिकॉट’वर त्याने वैयक्तिक रौप्य मिळवले आणि राकेश कुमार, आशिष मलिक व जितेंदर सिंग यांच्यासह सांघिक रौप्यही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये याच घोड्यावर तो शो जंपिंगच्या अंतिम फेरीत पोचला, जे आधी कोणत्याही भारतीयाला जमले नव्हते, आणि २३ वा आला. हा घोडा पूर्वी बेटिना हॉय या जर्मन स्वार चालवत असत. म्हणजे तयार घोडा दुसऱ्याकडून हाती येतो आणि त्याच्याशी नव्याने जुळवून घ्यावे लागते, हे कौशल्य वेगळेच आहे. २०१२ आणि २०१६ ची ऑलिंपिक सुवर्णे ‘सॅम’वर व २०२४ चे ‘चिपमंक’वर जिंकणारा जर्मनीचा मायकेल युंग म्हणूनच थोर, कारण घोडा बदलला तरी मांड तीच राहिली.

युरोपात जाऊन राहावे लागते यामागे केवळ उत्तम प्रशिक्षकांचे कारण नाही. ग्लँडर्ससारख्या रोगांमुळे भारतातला घोडा युरोपात स्पर्धेसाठी नेणे आजवर जवळपास अशक्य होते, त्यामुळे भारतीय स्वारांना घोडा तिकडेच घ्यावा आणि ठेवावा लागे. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातील घोड्यांच्या रोगमुक्त कक्षाला जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्यता दिली; ही कोंडी फुटण्याची ती सुरुवात आहे. आश्रयदाता नसलेल्याने तिकडच्या एखाद्या तबेल्यात काम करत शिकण्याची जागा शोधावी. दिवसाला आठ-दहा घोड्यांची निगा राखायची आणि बदल्यात एक-दोन धडे मिळायचे, असे ते जिणे असते; पाचगणीला लीद काढलेली असेल तर ते जड जात नाही.

आंतरराष्ट्रीय शिडीला एक ते पाच तारे आहेत. एक तारा म्हणजे क्रॉस कंट्रीत १.०५ मीटरचे पक्के अडथळे आणि मिनिटाला ५०० मीटरचा वेग. पाच ताऱ्यांना १.२० मीटर आणि ५७०. आकडे जवळजवळचे वाटतात, पण वर जाल तसे अंतर वाढते, अडथळे अरुंद आणि तिरके होत जातात. वरच्या पायरीसाठी खालची पात्रता लागते : ड्रेसाजमध्ये ४५ पेक्षा अधिक दंडगुण नकोत, क्रॉस कंट्रीच्या अडथळ्यांवर एकही नको, शो जंपिंगच्या दांड्यांवर १६ पर्यंत चालतात. तेव्हा पहिली काही वर्षे क्रमांकाकडे न पाहता या तीन आकड्यांकडे पाहून स्पर्धा निवडाव्यात, आणि घोडा थकलेला असेल तर क्रॉस कंट्रीत मध्येच हात वर करून थांबावे. मालक अशा स्वाराला लक्षात ठेवतो.

शेवटची तयारी दुर्लक्षित आहे म्हणून सांगून ठेवतो. मोठ्या स्पर्धांत ड्रेसाजच्या आधी आणि पुन्हा शो जंपिंगच्या आधी पंचांसमोर घोडा हाताने दुडक्या चालीत पळवून दाखवावा लागतो. जरा लंगडला तर आधीचे सगळे दंडगुण निरर्थक. स्वाराने घोड्याच्या डाव्या बाजूला, खांद्याशी राहून, लगाम सैल ठेवून, मागे वळून न पाहता सरळ पळावे, आणि परतताना घोड्याला स्वतःपासून दूर, उजवीकडे वळवावे. याला मैदान लागत नाही. गावातला सपाट डांबरी रस्ता आणि पहाटेची दहा मिनिटे पुरतात.