नव्या फ्लॅटमधला पहिला आठवडा: आधी कॉक, मग काडी

मुंबईत घर बदलणे हे बहुतेक वेळा एका दिवसात उरकायचे काम असते. टेम्पो सोसायटीच्या दारात उभा असतो, लिफ्टने सामान चढवण्याची वेळ ठरवून दिलेली असते, आणि संध्याकाळी शेवटचे खोके आत येते तेव्हा घरातले सगळे थकलेले आणि भुकेलेले असतात. नेमक्या अशाच वेळी अनोळखी ओट्यावर अनोळखी बटणे दाबत कोणीतरी चहा टाकायला जाते. नव्या जागेतले लहानमोठे अपघात आणि तिथला स्वयंपाक यांचा विचार म्हणूनच एकत्र करायला हवा. पाणी, वीज आणि गॅस कुठून बंद होतात हे स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय शेगडी पेटवू नये. आणि पेटवल्यावर पहिले काही दिवस असेच पदार्थ करावेत, ज्यांत चूक झाली तरी नुकसान भांड्यापुरतेच राहील.

सुरुवात पाण्यापासून करावी. महापालिकेचे पाणी विभागवार ठरलेल्या वेळेत येते, सोसायटी ते खालच्या टाकीत भरून घेते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवते, आणि अनेक इमारतींत तिथूनही ते घरोघरी ठरावीक वेळीच सोडले जाते. दुपारी नव्या घरात आलेला माणूस हात धुण्यासाठी नळ फिरवतो, पाणी येत नाही, म्हणून दुसरा फिरवून पाहतो, आणि कोणता नळ उघडा राहिला हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. संध्याकाळी पाणी सुटते तेव्हा घरातली माणसे खाली वाण्याकडे गेलेली असतात, सिंकमध्ये खोक्यातून निघालेले वर्तमानपत्र पडलेले असते, ते भिजून जाळीवर बसते, आणि पाणी ओट्यावरून फरशीवर आणि फरशीवरून पुठ्ठ्याच्या खोक्यांत शिरते. त्यामुळे जागेची किल्ली हातात पडताच वॉचमनला किंवा सेक्रेटरींना पाण्याच्या वेळा विचाराव्यात, आणि घराबाहेर पडताना प्रत्येक नळ हात लावून बंद असल्याची खात्री करावी.

घराचा मुख्य कॉक बहुधा बाथरूममध्ये माळ्याजवळ किंवा डक्टच्या खिडकीपाशी असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवून पूर्ण बंद करावा, नळ कोरडे पडतात का ते पाहावे आणि पुन्हा उघडावा. बरीच वर्षे न हललेला कॉक जाम असेल तर पकडीने जोर लावू नये, कारण तो तुटला तर पाणी थांबवायला गच्चीवर जावे लागते. प्लंबरला बोलावून तो बदलून घेतलेला बरा. पाणी सांडलेच, तर आधी मेन स्विच पाडावा, मात्र त्यासाठी पाण्यात पाय ठेवावा लागणार नसेल तरच. मग कॉक बंद करावा, मोरीची जाळी उचलावी आणि पाणी तिकडे ढकलावे. त्यानंतर लगेच खालच्या मजल्यावर जावे. “काका, आम्ही वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलो आहोत. आमच्याकडे पाणी सांडले आहे, तुमच्या छताला कुठे ओल दिसते आहे का?” एवढे आपण होऊन विचारले, तर पुढची कित्येक वर्षे ती माणसे आपल्याशी नीट बोलतात. तेच पाणी त्यांना आधी स्वतःच्या छतावर दिसले, तर नाते तक्रारीपासून सुरू होते.

विजेचे गणित सोपे आहे, पण करून ठेवावे लागते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असते. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते, म्हणजे लहान ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ती मल्टिप्लग लावून चालवणे धोक्याचे आहे; तिला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे. पाइपगॅस सुरू होईपर्यंत बरीच कुटुंबे इंडक्शनवर स्वयंपाक करतात, आणि त्याच वेळी कोणी गिझर लावला की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा पेटीतला स्विच, पडतो. पडलेला एमसीबी एकदा वर करून पाहावा. पुन्हा पडला तर उपकरणांचे प्लग काढावेत, आणि तरीही पडत राहिला तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पेटीत आरसीसीबी असेल तर त्यावरचे टेस्टचे बटण पहिल्याच दिवशी दाबून पाहावे. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर शॉक लागल्यावर जीव वाचवणारे ते यंत्र बंद पडलेले आहे असे समजावे. जुन्या इमारतींत ते बसवलेलेच नसेल, तर नव्या पडद्यांच्या आधी त्यावर खर्च करावा, असा माझा आग्रह आहे.

गॅसबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. मुंबईत काही घरांत महानगर गॅसचा पाइपगॅस असतो आणि काही घरांत १४.२ किलोचा सिलिंडर. जुन्या घरातून आणलेली शेगडी नव्या घरात जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरू नये. दोन्ही गॅस वेगळे आहेत, त्यांचा दाब वेगळा आहे, आणि म्हणून शेगडीच्या आतल्या जेटचे छिद्रही वेगळ्या मापाचे असते. सिलिंडरची शेगडी पाइपगॅसला जोडली तर ज्योत मरतुकडी येते आणि पाव तासाच्या भाताला अर्धा तास लागतो. पाइपगॅसची शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत मोठी, पिवळी आणि काजळी धरणारी येते, आणि हा प्रकार खरोखर धोक्याचा आहे. जेट बदलण्याचे काम अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्यावे. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती वाचावी. जाड नारंगी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती शोधण्याची पद्धत कायमची सोडून द्यावी.

गॅसचा वास आला, तर पहिला नियम असा, की कोणतेही बटण दाबायचे नाही: दिवा लावायचा नाही, लागलेला दिवा विझवायचा नाही, पंखा किंवा एक्झॉस्टही सुरू करायचा नाही, कारण बटणातली बारीक ठिणगी पुरेशी असते. रेग्युलेटर किंवा पाइपवरचा कॉक बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत, बाहेर पडावे आणि तिथून फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे; पाइपगॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो पहिल्याच दिवशी दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून खालपर्यंत उघडणारी दारे महत्त्वाची असतात. पाइपगॅस हलका असल्यामुळे वर जातो, तेव्हा वरची झडप आणि खिडकीही उघडावी.

नव्या घरात दूध उतू घालण्याची आपली रीत आहे, आणि ती जरूर पाळावी. फक्त सांभाळून पाळावी. उतू गेलेले दूध ज्योत विझवते, घरगुती शेगड्यांपैकी पुष्कळांमध्ये ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होण्याची सोय नसते, आणि घरातले सगळे त्या क्षणी फोटो काढण्यात गुंतलेले असतात. भांडे लहान घ्यावे, खाली परात ठेवून त्यात शेगडी बसत असेल तर उत्तमच, आणि एका व्यक्तीने बटणावर हात ठेवूनच उभे राहावे. दूध काठावर येऊन दोन धारा खाली उतरल्या की गॅस बंद करावा. शेगडी थंड झाल्यावर बर्नरची टोपी काढून गरम पाण्यात घालावी, भोकांत अडकलेली साय सुईने मोकळी करावी, आणि टोपी पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा बसवावी. ओली टोपी बसवली की ज्योत एका बाजूला फडफडते आणि शेगडीच बिघडली असे वाटू लागते.

पहिल्या रात्रीसाठी पिठले-भातासारखा दुसरा स्वयंपाक नाही. त्याला दोन भांडी, एक पळी आणि एक सुरी पुरते, आणि लागणारे सगळे सामान कोणत्याही वाण्याकडे दहा मिनिटांत मिळते. अर्धी वाटी बेसन घ्यावे आणि ते दीड ते पावणेदोन वाट्या थंड पाण्यात आधीच कालवून ठेवावे. गरम पाण्यात पीठ टाकले की गुठळ्या होतात आणि मग त्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. तेलात मोहरी तडतडल्यावर हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला कांदा घालावा, कांदा मऊ झाला की हळद घालून आच मंद करावी, आणि कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. मीठ घालून झाकण ठेवावे. पिठले शिजू लागले की जाड बुडबुडे येऊन फुटतात आणि ते अंगावर उडतात, तेव्हा झाकण उचलताना चेहरा लांब ठेवावा. कच्च्या पिठाचा वास गेला आणि वर चकाकी आली की झाले. मीठ जास्त पडले, तर बटाटा टाकून ते उतरेल या समजुतीवर विसंबू नये, कारण बटाटा फक्त जेवढे पाणी पितो तेवढेच मीठ घेतो. त्यापेक्षा चमचाभर बेसन आणखी पाण्यात कालवून घालणे हाच खरा उपाय आहे.

भातासाठी कोलम घेतला असेल तर एका वाटीला दोन वाट्या पाणी पुरते. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडे कमी घालावे, नाहीतर गोळा होतो. कुकरच्या तळाला पाणी घातले आहे ना, हे झाकण लावण्याआधी डोळ्यांनी पाहावे. घाईत विसरले जाणारे काम हेच असते, आणि मग शिट्टी होत नाही, खालून करपल्याचा वास येतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. खोक्यांतून आलेल्या कुकरची शिट्टी होत नसेल, तर वाफ कुठून निघते आहे ते पाहावे. झाकणाच्या कडेने निघत असेल तर रबर सैल झाले आहे. ते थंड पाण्यात बुडवून त्या दिवसापुरते चालते, पण दुसऱ्या दिवशी नवे आणावे. वाफ कुठूनच निघत नसेल तर ताबडतोब गॅस बंद करावा, कुकर आपोआप गार होऊ द्यावा, आणि मग शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते तपासावे. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचाच बसवावा. वरण-डाळीसाठी कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, कारण डाळीचा फेस नळीत जाऊन बसतो.

भांडे करपले तर लगेच घासायला घेऊ नये. वरचा चांगला भाग न खरवडता दुसऱ्या भांड्यात काढावा, करपलेल्या भांड्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळावे, आणि रात्रभर तसेच ठेवावे. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोड्याने काळपटपणा येतो, तिथे नुसते गरम पाणी पुरे. हे पाणी, पिठाचे हात धुतलेले पाणी आणि चहाचा चोथा गाळल्याशिवाय सिंकमध्ये ओतू नये. नव्या घरातली सिंक तुंबली, तर खालच्या बाटलीसारख्या ट्रॅपखाली बादली ठेवून तो हाताने उघडावा. अडकलेला गाळ बहुधा तिथेच सापडतो. तुंबलेली वाट मोकळी करण्यासाठी ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ कधीही ओतू नये, त्यातून विषारी क्लोरिन निघतो. घर बरेच दिवस बंद असेल आणि मोरीतून दुर्गंध येत असेल, तर बहुतेक वेळा जाळीखालचे पाणी आटलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पोळपाट-लाटणे अजून कुठल्या खोक्यात आहे हे सापडले नसेल, तर थालीपीठ लावावे. भाजणी भिजवून ती गार तव्यावरच थापावी, मध्ये बोटाने भोके पाडून तेल सोडावे, मग गॅस पेटवावा. पुढच्या थालीपिठाच्या वेळी तवा तापलेला असतो, म्हणून ते ओल्या फडक्यावर थापून अलगद उलटावे. हात पोळला तर पोळलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. नळाला पाण्याची वेळ नसेल तर हे कसे करणार, याचा विचार आधी करून ठेवावा, आणि त्यासाठीच स्वयंपाक सुरू करण्यापूर्वी एक बादली भरलेली असावी.

जून जवळ आला असेल तर सामान भरताना घाई करू नये. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट होते की मीठ पाणी सोडते, पोहे मऊ पडतात आणि रव्यात अळ्या होतात. रवा कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. लालबागला डंखावर, म्हणजे मसाला कांडण्याच्या यंत्रावर, कुटून आणलेला वर्षाचा मसाला बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, कारण बाहेरून मुरणारी ओल आधी त्या भिंतीवर उतरते. कोणती भिंत ओलावते हे एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही, तोपर्यंत मोठे डबे भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावेत.

तळण मात्र सर्वांत शेवटी करावे, म्हणजे शेगडीची आच हाताला ओळखीची झाल्यावर. ओट्यावर पडदा, कागद किंवा पिशव्या नसाव्यात, आणि कढईवर बसेल असे सपाट झाकण हाताशी असावे. तेलातून धूर येऊ लागला की गॅस बंद करावा. तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी टाकू नये आणि कढई उचलून मोरीकडे नेऊ नये. गॅस बंद करून झाकण कडेने सरकवत वर ठेवावे आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत ते उघडू नये. आग झाकणाने आटोक्यात आली नाही, तर सगळ्यांना बाहेर काढून, दार ओढून घेऊन, लिफ्टऐवजी जिन्याने उतरावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.