तापलेल्या टायरमध्ये बरोबर हवा कशी भरायची

कंपनीने दिलेला हवेचा आकडा थंड टायरचा असतो, आणि पंपावर पोचेपर्यंत आपला टायर तापलेला असतो. तापल्यावर आकडा वाढतो, त्यामुळे तिथे तो बरोबर दिसला तरी हवा कमीच असते. गगनबावड्याला किंवा आंबोलीला डबलसीट निघणाऱ्यांनी तर हे नक्की करावं.

१. हवा मोजायचा स्वतःचा छोटा गेज घ्या. प्रत्येक पंपाचा काटा वेगळं सांगतो.

२. सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायरवर ऊन पडायच्या आत, हवा मोजा. समजा मागच्या टायरला ३२ पीएसआय हवेत आणि गेज २६ दाखवतोय. म्हणजे ६ कमी. लक्षात ठेवायचा तो हा ६.

३. पंपावर पोचल्यावर, हवा मारण्याआधी, त्याच गेजने पुन्हा मोजा. आता २८ आले, तर २८ अधिक ६, म्हणजे ३४ पर्यंत भरा. पंपवाला म्हणेल जास्त होतंय. होऊ द्या, दुसऱ्या दिवशी थंड टायर ३२ च्या आसपासच दाखवेल. पुढच्या टायरचंही असंच.

डबलसीटचा आकडा वेगळा असतो, मागच्या टायरला बराच जास्त. तो चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात मिळतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरून हवा भरू नका.

आणि घाटात थांबल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका.