शेजारी त्रास देतोय? बेळगावच्या गल्लीत राहून न भांडता कसं निभवायचं

मी शहापुरात जुन्या वाड्यात भाड्यानं राहतोय. चार बिऱ्हाडं, भिंती सामाईक, पलीकडं कुणी शिंकलं तरी कळतं. माझा मावसभाऊ इंग्लंडात कालव्यावर बोटीत राहतो आणि त्याचंही रडगाणं हेच, शेजारचा बोटवाला रात्री जनरेटर लावतो, खरंतर तिथं रात्री 8 ते सकाळी 8 लावू नका असं कालव्याचा कारभार बघणाऱ्यांनीच सांगितलंय. पण तो वैतागला की दोर सोडून बोट पुढं नेतो, आपण वाडा कुठं ढकलणार ओ? म्हणून आपल्याला जपूनच बोलायला लागतं.

सगळ्यात जास्त भांडणं पाण्यावरनं. राकसकोपचं धरण भरलेलं असू दे नाहीतर हिडकल धरणाचं पाणी येऊ दे, नळाला रोज येत नाही आणि आलं की शेजारी थेट नळालाच मोटर लावतो. ओळखायचं कसं, तर चांगली चाललेली धार अचानक बारीक होते आणि नळ हवा ओढल्यासारखा फुसफुसतो. लगेच आरोप करू नका, आधी दोन मिनिटं मोटर बंद करायला सांगा, तुमची धार वाढली की त्यांच्याच डोळ्यासमोर सिद्ध झालं. आणि हे बोलायला पाणी यायच्या वेळी जायचं नाही, मी ती चूक केलीय, पहाटे 5 ला घागर हातात घेऊनच दारात ओरडत उभा राहिलो आणि नंतर तीन आठवडे बोलणं बंद. संध्याकाळी चहाच्या वेळी जा, काका-काकू म्हणूनच सुरुवात करा, आणि "मोटर लावू नका" असं म्हणण्यापेक्षा "पहिला अर्धा तास सगळ्यांनी खालची भांडी भरू, मग टाकीचं बघू" असं काहीतरी ठरवून या. टाकी भरायचीच असेल तर आधी खालच्या हौदात पाणी घ्यायचं आणि तिथनं मोटरनं वर चढवायचं. थेट नळाला मोटर लावायची परवानगी नसते हे त्यांनाही माहीत असतं, ते पहिल्याच दिवशी तोंडावर मारू नका.

आता आपल्याकडची खरी गोम. शेजारी कन्नड बोलणारा असेल आणि तुमच्या तोंडातनं एकदा "तुमची लोकं" असं निघालं की संपलं, मोटर राहते बाजूला आणि सीमावाद चालू होतो, मग दोन्हीकडची रिकामी पोरं येऊन उभी राहतात ज्यांच्या घरी नळसुद्धा नाही. चार वाक्यं कन्नडात पाठ करा, "स्वल्प मोटर बंद माड्री, नम्म कडे नीर बरंगिल्ला" (जरा मोटर बंद करा, आमच्याकडं पाणी येत नाही) एवढं मोडकंतोडकं बोललं तरी समोरचा हसतो आणि निम्मा राग तिथंच जातो. उलट तो मराठीत बोलायचा प्रयत्न करत असेल तर त्याच्या व्याकरणाला हसू नका, मी हसणारे बघितलेत.

आवाजाचं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 ही कायद्यानं रात्र, राहत्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, 2000 सालचे नियम आहेत. सणासुदीला सरकार काही ठरावीक दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, वर्षात जास्तीत जास्त 15, त्यामुळं गणपतीत तक्रार करायच्या आधी सूट आहे का बघा. एरवी कुणी मध्यरात्री स्पीकर लावला तर आधी फोन करून सांगा, ऐकलं नाही तर 112. वडगाव, खासबागेत कापड विणायच्या मागांचा आवाज असतो ती गोष्ट वेगळी, तिथं माग थांबवा म्हणणं म्हणजे पोटावर मारणं, "मागाखाली जाड रबर टाका, तुमच्या बाजूची खिडकी रात्री लावून घ्या" एवढंच मागा, ते मिळतं.

पागोळ्या मात्र अंगावर घेऊन गप्प बसू नका. शेजाऱ्याच्या पत्र्याचं पाणी तुमच्या परड्यात पडत असेल आणि तुम्ही 20 वर्षं काहीच बोलला नाही तर 1882 च्या कायद्यानुसार तो उद्या तसा हक्कच सांगू शकतो. आपल्याकडचा पाऊस काय थोडा असतो का! मे महिन्यातच पन्हळ बसवायला सांगा, लागलं तर निम्मे पैसे द्या, भिंतीला ओल आल्यावर जे जातात त्यापेक्षा कमीच जातात.

एवढं करूनही नाही जमलं तर गल्लीतल्या पंचांकडं जा, पण एकटे जाऊ नका आणि घरातल्या सगळ्यांना घेऊनही जाऊ नका, दोन शहाणी माणसं पुरेत. त्यानंतर महापालिकेत लेखी अर्ज, कन्नडात लिहून घेतला तर टेबलावर पडून राहायची शक्यता कमी, तारखेसकट फोटो जोडा आणि झेरॉक्सवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय काऊंटर सोडू नका. माझा पहिला अर्ज शिक्का न घेतल्यामुळं "आलाच नाही" झाला, दुसऱ्यांदा परत सगळं लिहायला लागलं.